चोवीस तासांचं कलम

रविवारी तालुक्याचं न्यायालय बंद असतं, पण पूर्ण बंद कधीच नसतं. सुट्टीची पाळी असलेले दंडाधिकारी येतात, लिपिक येतो आणि दुपारच्या सुमारास पोलिसांची गाडी आवारात शिरते. शिपायाने आरोपीचा हात धरलेला, तपासी अंमलदाराच्या काखेत केस डायरी आणि रिमांड रिपोर्ट. नाव-गाव विचारून झालं की दंडाधिकारी ठरलेला प्रश्न टाकतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते हातभर अंतरावर उभे असल्यामुळे उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं. मग दोन-चार दिवसांची पोलीस कोठडी किंवा थेट न्यायालयीन कोठडी. ठाण्यातल्या बोलीत पीसीआर किंवा एमसीआर. पाच-दहा मिनिटांत काम उरकतं.

बघणाऱ्याला हा निव्वळ उपचार वाटेल. पण रविवार असो, दिवाळी असो की अनंत चतुर्दशी, पोलिसांना ही वारी चुकवता येत नाही, कारण राज्यघटनेत तशी एक ओळच आहे. कलम २२ मधलं दुसरं उपकलम सांगतं, की अटक केलेल्या प्रत्येक व्यक्तीला चोवीस तासांच्या आत सर्वांत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं आणि त्याच्या हुकमाशिवाय त्यापुढे अडकवून ठेवायचं नाही. प्रवासाला लागणारा वेळ तेवढा वजा. गडचिरोलीच्या आतल्या एखाद्या ठाण्यातून अहेरीच्या न्यायालयात यायला लागलेले तास मोजले जात नाहीत. कागदपत्रं तयार करण्यात गेलेले तास मात्र मोजले जातात.

मूलभूत हक्क कोणते, असं विचारलं तर आपण समता, भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य अशी भारदस्त नावं घेतो. ती घ्यावीतच. पण सरकारचा हात प्रत्यक्षात जिथे माणसाच्या दंडाला पकडतो, तिथे कामाला येतात ती असली कोरडी, मोजता येणारी कलमं. समतेचा भंग झाला की नाही, यावर वकील वर्षानुवर्षं भांडू शकतात. चोवीस तास उलटले की नाही, हे घड्याळ सांगतं.

गंमत म्हणजे ही ओळ घटनाकारांच्या डोक्यातून निघालेली नाही. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ६१ मध्ये, ती होतीच. आधीच कायद्यात असलेली गोष्ट पुन्हा घटनेत कशाला लिहायची? या प्रश्नामागे संविधान सभेतला एक मोठा वाद आहे.

घटनेच्या मूळ मसुद्यात जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमाला अमेरिकन धर्तीचं कवच होतं. म्हणजे संसदेने केलेला कायदाच मुळात न्याय्य आहे का, हे न्यायालयाला तपासता आलं असतं. घटनाविषयक सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत गेले, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी त्यांची भेट झाली. निवडून आलेल्या कायदेमंडळाचे कायदे मूठभर न्यायाधीशांनी मोडीत काढणं लोकशाहीला धरून नाही, असं फ्रँकफर्टर यांचं मत. राव परतले आणि मसुद्यातली शब्दयोजना बदलली. कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळली म्हणजे झालं, एवढ्यावर आजचं कलम २१ येऊन थांबलं. कायदा वाईट असला तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

सभासद खवळले. डॉ. आंबेडकर स्वतःही द्विधेत होते आणि १३ डिसेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी ते लपवलं नाही. कायदेमंडळ पक्षाच्या माणसांनी भरलेलं असेल आणि ते हक्क तुडवील ही भीती खरी. उलट पाच-सहा न्यायाधीशांनी स्वतःच्या सदसद्विवेकावर कायद्यांचा निवाडा करावा हेही त्यांना पटेना. त्यांनी निर्णय सभेवर सोडला आणि सभेने मसुदा समितीचेच शब्द कायम ठेवले.

पण खदखद संपली नाही. नऊ महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९४९ रोजी, आंबेडकरांनी १५-अ नावाचं नवं कलम मांडलं. आधीच्या कलमाने संसदेला अटकेच्या बाबतीत जवळजवळ मोकळं रान दिलं आहे आणि त्याची थोडी भरपाई करायला हवी, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. भरपाई म्हणजे काय, तर अटकेची कारणं सांगणं, वकिलाचा सल्ला घेऊ देणं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं. यातलं बरंचसं फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, हा आक्षेप त्यांनी आपणहून उचलला आणि फरक समजावून सांगितला. संहिता संसदेला किंवा प्रांतिक विधिमंडळाला साध्या बहुमताने कधीही बदलता येते. तीच तरतूद घटनेत गेली की ती त्यांच्या हाताबाहेर जाते. घटनेने सत्तेला मर्यादा घालायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितलं असेल.

आता हे घड्याळ सुरू कधी होतं? कागदावर चोवीस तास आणि प्रत्यक्षात चार दिवस अशी किमया साधायची तर सगळी मेख इथेच आहे. "चौकशीसाठी ताब्यात घेतलं" हे वाक्य आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. माणूस सोमवारी सकाळी ठाण्यात बसवला जातो, बाकावर रात्र काढतो, त्याचा फोन काढून घेतलेला असतो, घरचे बाहेर ताटकळत असतात. आणि अटक दाखवली जाते बुधवारी संध्याकाळी. स्टेशन डायरीतली नोंद बुधवारची, म्हणजे हजर करायची मुदत गुरुवारी संध्याकाळपर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली सीमाशुल्क खात्याच्या एका प्रकरणात याला स्पष्ट उत्तर दिलं. माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणी अटक झाली, अधिकाऱ्याने कागदावर लिहिलेली वेळ काहीही असो. निकाल उत्तम. पण ठाण्यात कोण कधी आलं हे सिद्ध करायचं कसं?

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात अकरा अटी घालून दिल्या, त्यामागची खटपट हीच होती. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची ठळक पट्टी हवी. अटकेचा पंचनामा जागेवरच करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, तारीख आणि वेळ टाकायची. नातेवाइकाला कळवायचं आणि कळवल्याची नोंद डायरीत करायची. कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. या सगळ्या अटी कारकुनी वाटतात, आणि तशाच असायला हव्यात. मारहाण करू नका, असं पोलिसांना सांगून फार काही साधत नाही. अटकेच्या वेळी आणि नंतर दर दोन दिवसांनी डॉक्टरांकडून अंगावरच्या खुणा लिहून घेतल्या की मारहाण लपवणं अवघड होतं.

त्याच्याही तेरा वर्षं आधी हा विषय महाराष्ट्रातून दिल्लीला गेला होता. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्या पत्राचीच याचिका झाली. १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यावर महिला पोलीस, अटक होताच विधी सहाय्य समितीला खबर असे आदेश आले. शिवाय अटक झालेल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून घ्यायचे आणि तिन्ही भाषांतल्या प्रती राज्यातल्या प्रत्येक कोठडीत चिकटवायच्या, असंही सांगितलं गेलं. वाचकाला कधी ठाण्यात जायचा प्रसंग आलाच, तर भिंतीवर तो कागद दिसतो का ते जरूर पाहावं.

घड्याळ मोडल्यावर काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जम्मू-काश्मीरचं आहे. आमदार भीमसिंग यांना ऑगस्ट १९८५ मध्ये विधानसभेतून निलंबित केलं गेलं. उच्च न्यायालयाने ९ सप्टेंबरला निलंबनाला स्थगिती दिली. ते अधिवेशनासाठी श्रीनगरकडे निघाले आणि त्याच रात्री वाटेत काझीगुंड इथे पोलिसांनी त्यांना उचललं. आरोप होता आदल्या दिवशीच्या प्रक्षोभक भाषणाचा. विधानसभेत ११ तारखेला मतदान व्हायचं होतं. तोपर्यंत हा गृहस्थ सभागृहात पोचू नये, एवढाच मतलब. पोलिसांनी दोनदा कोठडी वाढवून घेतली आणि दोन्ही वेळा भीमसिंग यांना समोर आणलंच नाही. कामकाजाची वेळ टळल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आणि न्यायाधीशाच्या घरी अर्ज नेले, त्यांनी सह्या केल्या. आरोपी कुठे आहे, असं त्या दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांबरोबर त्या दोघांनाही झाडलं आणि राज्य सरकारला पन्नास हजार रुपये भरपाई द्यायला लावली. मतदान अर्थातच केव्हाच होऊन गेलं होतं. कलम २२ चा सगळा भार शेवटी दंडाधिकाऱ्याच्या एका प्रश्नावर आहे, हे या खटल्यातून उघडं पडतं.

कलमाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे अटकेची कारणं सांगण्याचा, बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. तोंडी सांगितलं की झालं, असा रिवाज पडला होता. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैशांच्या अफरातफरीच्या कायद्याखालच्या अटकांत कारणं लेखी द्यायला लावली. २०२४ मध्ये यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याखालच्या अटकांनाही तेच लागू केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणातून आलेल्या अपिलावर निर्णय देताना, न्यायालयाने हा नियम सगळ्याच गुन्ह्यांना लावला. कारणं लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि अगदी घटनास्थळी लगेच देणं शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हाती पडायला हवीत. दोन तास अशासाठी, की वकिलाला ती वाचून कोठडीला विरोध करता यावा. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश, अमरावतीचे भूषण गवई.

समजणाऱ्या भाषेचा मुद्दा तसा जुनाच. १९६२ सालच्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानबद्ध केलेल्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं. त्याने हिंदी प्रत मागितली. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितलं आहे आणि कामकाजाची भाषा इंग्रजीच आहे, असा शासनाचा पवित्रा. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही आणि त्याला सोडून दिलं. ज्या आरोपांना उत्तर द्यायचं ते कागदावर वाचताच येत नसतील तर उत्तर देण्याच्या हक्काला अर्थ काय?

हा माणूस अटकेत नव्हता, स्थानबद्ध होता, आणि इथे कलम २२ ची काळी बाजू सुरू होते. कारणं, वकील, चोवीस तास ही तिन्ही संरक्षणं पहिल्या दोन उपकलमांत देऊन तिसऱ्या उपकलमात ती दोन प्रकारच्या माणसांकडून काढून घेतली आहेत. एक, शत्रुराष्ट्राचे नागरिक. दुसरे, प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेले, म्हणजे ज्यांनी काही केलेलं नाही, पण करतील अशी सरकारला भीती वाटते असे. त्यांना सल्लागार मंडळाचा अहवाल न घेता तीन महिन्यांपर्यंत डांबता येतं. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच विनाचौकशी तुरुंगवासाची सोय लिहून ठेवणाऱ्या घटना जगात थोड्याच. फाळणी, तेलंगणातला उठाव, निर्वासितांचे लोंढे यांची पार्श्वभूमी होती, हे खरं. तरीही संविधान सभेत यावर सडकून टीका झाली. आंबेडकरांना स्थानबद्धतेचा अनुभव नाही म्हणून असं कलम सुचतं, असा टोला महावीर त्यागींनी लगावला.

अनुभव यायला फार वाट पाहावी लागली नाही. घटना लागू होऊन महिना झाला नाही तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा झाला. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन १९४७ च्या अखेरीपासून तुरुंगात होतेच. नव्या कायद्याखाली त्यांना तिथेच नवा हुकूम बजावला गेला. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या मोठ्या खटल्यांपैकी एक. न्यायालयाने १९ मे १९५० रोजी सांगितलं, की कायदा आहे, त्यातली पद्धत पाळली आहे, तो न्याय्य आहे का हे आम्ही बघणार नाही. स्थानबद्धतेची कारणं न्यायालयालाही सांगायला मनाई करणारं एक कलम तेवढं रद्द झालं. न्यायमूर्ती फझल अली यांनी वेगळं मत नोंदवलं. फ्रँकफर्टर यांचा सल्ला इथवर पोचला होता. तो उतरायला अठ्ठावीस वर्षं लागली; पासपोर्ट जप्त झालेल्या मनेका गांधींच्या खटल्यात, जानेवारी १९७८ मध्ये, न्यायालयाने कार्यपद्धती नुसती असून चालत नाही, ती न्याय्य आणि वाजवीही हवी, असं म्हटलं. मूळ मसुद्यातून जे काढलं होतं ते न्यायाधीशांनी मागच्या दाराने परत आणलं, असं कोणी म्हणालं तर ते चूक नाही. ते दार उघडलं हे बरंच झालं.

स्थानबद्धता मात्र गेली नाही. महाराष्ट्रात ती एमपीडीए या १९८१ च्या कायद्याने जिल्ह्या-जिल्ह्यात पोचली आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थ विकणारे यांच्यासाठी केलेल्या कायद्यात पुढे वाळू तस्करही आले. 'सराईत गुंड वर्षभरासाठी स्थानबद्ध' ही बातमी छोट्या शहरांच्या पानांवर नेहमीची. या फायली उघडल्या तर त्यांत बऱ्याचदा दोन गोपनीय साक्षीदार असतात, 'अ' आणि 'ब'. नाव नाही, पत्ता नाही. दोघेही सांगतात की अमुक माणसाने चाकू दाखवून पैसे काढले आणि भीतीपोटी कोणी तक्रार करत नाही. कधीकधी ते अगदी खरंही असतं. पण उलटतपासणी नाही, आणि सल्लागार मंडळापुढे वकील नेण्याचा हक्क नाही. उच्च न्यायालय यांतले कितीतरी हुकूम रद्द करतं, बहुधा विलंबामुळे किंवा कागदपत्रं नीट न दिल्यामुळे. तोपर्यंत माणसाचे काही महिने आत गेलेले असतात.

आणीबाणीत हेच हत्यार मिसा या नावाने सगळ्या देशावर चाललं. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ साठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. तरी नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकून घेण्याची तयारी दाखवली आणि सरकार अपिलात गेलं. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारलं तर दाद मागता येईल का? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला, सरकारच्या बाजूने. न्यायमूर्ती बेग यांनी तर स्थानबद्धांची सरकार आईसारखी काळजी घेतंय, अशा आशयाचं लिहिलं. एकटे खन्ना विरोधात. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्या चौघांमध्ये पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते. तेच पुढे सरन्यायाधीश झाले आणि १९८३ मध्ये त्यांनी रुदुल साह खटल्याचा निकाल दिला. बिहारमधला हा माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटला होता, पण मुझफ्फरपूरच्या तुरुंगातून बाहेर आला १९८२ मध्ये. चौदा वर्षं कशाच्या आधारावर ठेवलं, याचं धड उत्तर सरकारकडे नव्हतं. मूलभूत हक्क मोडला म्हणून सरकारने रोख भरपाई द्यायची, हा पायंडा त्या निकालाने पाडला. भीमसिंग यांना मिळालेले पैसे त्याच वाटेने आले. एकाच न्यायाधीशाच्या हातून दोन्ही निकाल आले, याचं काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही. १९७६ चा निकाल २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात अधिकृतपणे पुसला गेला, आणि ते लिहिणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

आणीबाणीनंतरच्या जनता सरकारने १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती केली. कलम २० आणि २१ आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. कलम २२ मात्र त्या यादीत नाही. चोवीस तासांचं घड्याळ आणीबाणीत आजही थांबवता येतं. त्याच दुरुस्तीत स्थानबद्धतेबद्दलही एक सुधारणा होती. सल्लागार मंडळाशिवाय डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन करायची आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमायचं. संसदेने ती मंजूर केली, राष्ट्रपतींची सही झाली. ती लागू कधी करायची याची तारीख तेवढी सरकारने जाहीर करायची होती. राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेशाखाली पकडलेले धनबादचे खासदार ए. के. रॉय सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सरकारला तारीख ठरवायला भाग पाडता येणार नाही, असं १९८१ मध्ये बहुमताने सांगितलं गेलं. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांची किती सरकारं आली आणि गेली. घटनेच्या सरकारी प्रतीत कलम २२ च्या खाली अजूनही तळटीप छापलेली असते, की ही सुधारणा अधिसूचित होईल त्या तारखेपासून अमलात येईल.